बठ्ठ्या मांगे

धुळे, १४ जुलै २०२५

कामिनी,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? कोर्टाच्या कडेला उभी असल्यासारखी ओरडतेस आणि 'चल गं, प्रॅक्टिस आहे' म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला.

कालच्या रविवार पुरवणीत तुझी मुलाखत वाचली. अर्धं पान! 'बत्तीस वर्षं, एकच कॉलेज, मुलींचं बास्केटबॉल.' फोटो छान आलाय, केस रंगवलेस ते बरं केलंस. खाली तुझ्या कॉलेज संघाच्या गेल्या सात कप्तानांची नावं दिली आहेत. अगं, सातपैकी पाच माझ्या शाळेच्या! पाचवीपासून त्या मुरमाच्या मैदानावर मी त्यांना ड्रिबल शिकवला. बारावी झाली की त्या एसटी धरून तुझ्याकडे येतात, आणि पेपरात छापून येतं, 'कामिनी मॅडमांनी घडवलेल्या.' तुझी आताची कप्तान पुनम घे. एरंडोलची पोर, धुळ्यात मामाकडे राहून माझ्या हाताखाली शिकली. तिला बुटाची नाडी बांधायलासुद्धा मी शिकवलंय. वाचताना माझा नुसता जळफळाट झाला. झाला तो झाला, तुझ्यापासून काय लपवायचं.

पण खरी मजा पुढे आहे. तू म्हणतेस, 'आमच्या मुली कोर्टावर अहिराणीत हाका देतात, पुण्या-मुंबईच्या संघांना ओ की ठो कळत नाही. ही माझी युक्ती.' तुझी? आणि वर उदाहरण देतेस, 'बठ्ठ्या! म्हणजे बसा. गुडघे वाकवून डिफेन्सला बसा.'

कामिनी, बठ्ठा म्हणजे सगळा. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या जणी. माझी अख्खी हाक आहे 'बठ्ठ्या मांगे!' म्हणजे सगळ्या मागे फिरा, आपली बास्केट सांभाळा. घाईत पोरी अर्धीच हाक देतात. मागे आल्यावर गुडघे वाकवतात ते मी वाकवायला शिकवलंय म्हणून. बत्तीस वर्षं माझा शब्द वापरलास आणि त्याचा अर्थ तुला ठाऊक नाही! आमच्या गल्लीत कालपासून हसणं चाललंय. तू रावेरकडची, शाळेला 'शाया' म्हणणारी, तुला अहिराणी येत नाही यात काही पाप नाही. पण माझं नाव घ्यायचं होतंस. एक ओळ पुरली असती.

रिटायर झाले तरी मी रोज सकाळी शाळेच्या मैदानावर जाते. या वर्षी बारावी झालेली मेघा आहे माझ्याकडे, पाच फूट अकरा इंच. तिच्यावर तुझा डोळा आहे हे मला माहीत आहे.

प्रमिला

·

जळगाव, २१ जुलै २०२५

प्रमिला,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग चहा केला आणि पुन्हा वाचून पुन्हा चिडले.

तो पत्रकार वीस मिनिटं बसला आणि घरी जाऊन वाटेल ते लिहिलं. तुझं नाव मी घेतलं होतं, त्यानं गाळलं. अर्थाचा घोळही त्याचाच. मला काय बठ्ठा कळत नाही? बत्तीस वर्षं या पोरींत काय पापड लाटले का मी?

आणि पाचवीपासून शिकवलंस ते मान्य, पण तुझ्या पोरी माझ्याकडे येतात तेव्हा एकीलाही डाव्या हाताचा ले-अप येत नाही. पुनमचा घोटा मोडला तेव्हा सहा आठवडे ती माझ्या घरात, माझ्या पलंगावर होती. मी खाली गादी टाकून झोपत होते. हे कुठल्या पुरवणीत आलं? मी पत्र लिहीत बसले का?

तुला त्र्याण्णव साल अजून सुटलेलं नाही, हे खरं दुखणं आहे. कॉलेजात एक जागा, मुलाखतीला आपण दोघी, आणि निवड माझी झाली. 'हिचा मामा संस्थेत आहे' असं तू गावभर सांगितलंस. होता ना मामा. जीवराममामा तिथं शिपाई होता. मुलाखतीच्या खोलीत त्यानं मला पाण्याचा पेला आणून दिला, एवढाच काय तो वशिला.

असो. ३१ डिसेंबरला मी निवृत्त होते. ही शेवटची स्पर्धा, आणि पुनमला एक उंच जोडीदारीण हवी आहे. हॉस्टेलात मेघासाठी खाट राखून ठेवली आहे. प्रवेशाची मुदत महिनाअखेरपर्यंत. राग माझ्यावर काढ, पोरीवर काढू नकोस. तिला पाठव.

कामिनी

·

धुळे, ४ ऑगस्ट २०२५

कामिनी,

जीवराममामाचं वाचून हसू फुटलं होतं. दाबलं. तुझ्या विनोदावर हसायचं नाही असं ठरवलंय.

मेघाचा प्रवेश इथंच झाला, धुळ्याच्या कॉलेजात. तिचे वडील अभिमनभाऊ घरी आले होते. डोक्यावरची टोपी हातात घेऊन विचारत होते, 'बाई, पोरले जळगावले धाडू का?' मी नको म्हणाले. तुझ्याकडे हॉस्टेल आहे, जिम आहे, लाकडी फळ्यांचं कोर्ट आहे, हे सगळं मला ठाऊक असून नको म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि गेले. माझ्या शब्दापुढे ते कधी जात नाहीत.

आता नीट ऐक. इथल्या मुलींच्या संघाला शिकवायला कुणी नव्हतं. प्राचार्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले. रोज संध्याकाळी जाते. मेघाबरोबर आणखी चार जणी माझ्याच शाळेच्या आहेत, यंदा त्या कुणालाच तुझ्याकडे जाऊ दिलं नाही. नोव्हेंबरात आंतरविभागीय स्पर्धेला तुझ्या कोर्टावर येते.

मला तुला हरवायचंय. सकाळी डोळे उघडले की पहिलं हेच आठवतं. साठाव्या वर्षी हे शोभत नाही म्हणशील. नसेल शोभत.

प्रमिला

·

जळगाव, ३० ऑगस्ट २०२५

प्रमिला,

चार दिवस तुला लिहायला बसते आणि उठते. आज लिहूनच टाकते.

मी मागच्या पत्रात खोटं बोलले. पत्रकारानं काही गाळलं नाही. तुझं नाव मी घेतलंच नव्हतं. आणि बठ्ठ्याचा अर्थ मला खरोखर माहीत नव्हता. पोरी बठ्ठ्या म्हणायच्या आणि पाचही जणी गुडघे वाकवायच्या, मी समजले, बैठ. तसंच शिकवत राहिले. परवा पुनमला विचारलं, इतकी वर्षं कुणी मला सांगितलं का नाही? तर म्हणते, 'मॅडम, आम्हाला वाटलं तुमचं काहीतरी वेगळं असेल.'

तुला वाटतं मी तुझी पाटी पुसून माझं नाव लिहिलं. तुला एक गोष्ट माहीत नाही. टाइम-आउटला पोरी माझ्याभोवती गोल करतात. मी बोलते, त्या 'हो मॅडम, हो मॅडम' करतात. मग शिट्टी वाजते आणि कोर्टावर जाता जाता त्या आपसात अहिराणीत दोन वाक्यं बोलतात. खेळ त्या दोन वाक्यांवर होतो, मी सांगितल्यावर नाही. कधी हसतात. मीही हसते, कशाला हसतायत ते न कळता. माझ्याच बाकावर मी पाहुण्यासारखी उभी असते आणि तू तिकडे धुळ्यात बसून त्यांच्या तोंडात असतेस. विचारलं असतं तर सांगितलं असतं कुणीही. पण 'मॅडम, हे बाईंचं आहे' असं ऐकावं लागलं असतं. ते मला नको होतं.

तू माझा हेवा करतेस हे मला त्र्याण्णवपासून माहीत आहे. मी तुझा करते हे तुला आज कळलं.

निवृत्तीनंतर माझा सत्कार करणारे समितीवाले ४ जानेवारीचा कार्यक्रम ठरवतायत. पहिल्या रांगेत बस. आणि नोव्हेंबरात ये, हरवून दाखव.

कामिनी

·

धुळे, १७ नोव्हेंबर २०२५

कामिनी,

दाखवलं.

शनिवारी मॅच संपल्यावर तू हात मिळवायला आलीस आणि मी तरातरा गाडीकडे निघून गेले, त्याबद्दल आधी माफी. पोरी दमल्या होत्या, निघायची घाई होती.

तुझं ऑगस्टचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. उत्तर दिलं नाही, कारण काय द्यायचं? इतकी वर्षं मला वाटायचं तू वर बसली आहेस, आणि तू म्हणतेस तू बाहेर उभी होतीस. वाचून बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. फार बरं वाटलं.

शेवटच्या वीस सेकंदांचं बोलायचं तर ते असंच झालं. तुम्ही एका गुणानं पुढे, चेंडू आमच्याकडे, पुनम मेघाला चिकटून उभी. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, 'बठ्ठ्या मांगे!' तुझ्या पाचांतल्या चौघी माझ्या शाळेच्या. त्या गर्रकन वळून आपल्या बास्केटखाली पळाल्या, पुनमसुद्धा. फ्री थ्रोच्या रेषेवर मेघा एकटी उरली. तिनं शांतपणे टाकला. आता माझा आवाज मोठा आहे, त्याला मी काय करू? ओरडायची सवय आहे, निघून गेलं.

रविवारी फायनलला नंदुरबारकडून हरलो. पंच भिकार होते. पण तुला हरवलं ते हरवलं, तुझ्या कोर्टावर, तुझ्या शेवटच्या वर्षी.

प्रमिला

·

जळगाव, २४ नोव्हेंबर २०२५

प्रमिला,

अभिनंदन. दात-ओठ खाऊन लिहितेय, पण लिहितेय.

मॅचनंतर पुनम बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत उभी होती. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, 'मॅडम, बाईंचा आवाज आला आणि पाय आपोआप मागे गेले.' मी त्या वेळी कडेला उभी राहून घसा फोडत होते, 'सोडू नकोस तिला, सोडू नकोस!' तिला ते ऐकूच गेलं नाही. तीन वर्षं, प्रमिला. घोटा मी बांधला, परीक्षेची फी मुदतीत भरली की नाही ते मी बघितलं, तिच्या आईला, बेबाबाईंना, लग्नाची घाई करू नका म्हणून एरंडोलला जाऊन मी समजावलं. आणि वीस सेकंद उरले तेव्हा पाय तुझे. मला इतकं लागलं की मी त्या दिवशी जेवले नाही.

चेंडू तुमच्याकडे असताना तू मागे फिरायची हाक का दिलीस, हे मला कळलं नाही. गडबडलीस असशील. तूही म्हातारी झालीस.

वाईट हे झालं की निवड समितीचे दोन सभासद तिथं बसले होते. विद्यापीठ संघात पुनमचं नाव आलं नाही. 'दडपणाखाली गोंधळते' असा शेरा मारलाय. तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळली असती तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यात अर्ज करता आला असता. रोज येते, दोनशे फ्री थ्रो टाकते आणि जाते.

४ जानेवारीला सत्कारात तीच भाषण करणार आहे. लिहिलेला कागद मी चोरून पाहिला. तुझं नाव पहिल्या ओळीत आहे, माझं तिसऱ्या. माझ्या सत्कारात! तरी ये तू. मी जळत बसेन.

कामिनी

·

धुळे, १३ डिसेंबर २०२५

कामिनी,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवसांच्या वर झाले. मी आजारी नव्हते, गावालाही गेले नव्हते. मला लिहायचा धीर होत नव्हता.

ती हाक सवयीनं नाही निघाली. मी मुद्दाम दिली.

मॅचच्या शनिवारी येताना पारोळ्याला चहाला थांबलो, तिथं मी माझ्या पाच जणींना सांगितलं, 'शेवटच्या मिनिटात मी मागे म्हणेन. तुम्ही हलू नका. त्या हलतील.' चौघी हसल्या. मेघा हसली नाही, कपाकडे बघत बसली. पुनम माझ्या आवाजावर वळणार हे मला पक्कं माहीत होतं. आठ वर्षं मीच तिला वळायला शिकवलं होतं, विचार न करता, माझ्यावर विश्वास ठेवून. तेच मी वापरलं. तुझ्यावर वार करायचा होता आणि मध्ये पोर उभी होती, हे मला दिसत होतं. तरी केलं.

आणि फायनल पंचांमुळे गेली नाही. तेही खोटं. शेवटी आमचा चेंडू सुटला, नंदुरबारच्या पोरी सुसाट निघाल्या, खरोखर मागे यायला हवं होतं. मी जीव तोडून ओरडले. एकही हलली नाही. पाचही जणींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, आणि मेघानं माझ्याकडे वळून विचारलं, 'बाई, खरं शे का?' तोवर चेंडू आत गेला होता. छत्तीस वर्षं मैदानावर काढली मी. हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून सरावालाही त्या दचकून ऐकतात. मी थांबा म्हटलं तर थांबतात, पण आधी माझं तोंड बघतात.

निवड समितीला मी पत्र लिहिणार आहे. काय झालं ते सगळं, सहीनिशी. उपयोग होईल न होईल. पुनमला मात्र तू काही सांगू नकोस, पाया पडते. मीच सांगेन. थोडा धीर येऊ दे मला. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

प्रमिला

·

जळगाव, २० डिसेंबर २०२५

प्रमिला,

पत्र फाडलं नाही. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी पुनमला वाचायला दिलं.

का दिलं ते सांगते, म्हणजे तू दुसरीकडून शोधत बसायला नको. तिला न्याय मिळावा म्हणून दिलं असं मी स्वतःला जिन्यावरून उतरताना सांगत होते. ते खोटं आहे. तू तिच्या मनातून उतरावीस म्हणून दिलं. एकदा उतरलीस की ती माझी होईल, निदान निवृत्त होण्याआधी एक पोर पूर्ण माझी होईल, असं मला वाटलं. किती आनंदानं मी तो कागद तिच्या हातात ठेवला, हे तू पाहिलं असतंस तर माझ्या मुस्काटात मारली असतीस.

तिनं दोनदा वाचलं. घडी घातली. म्हणाली, 'बाईंनी खोटी हाक दिली.' मी म्हटलं, हो गं बाळा. मी जवळ घ्यायला हात पुढे केला. ती मागे सरली आणि म्हणाली, 'मॅडम, बाईंनी लिहिलंय मला सांगू नका, त्या स्वतः सांगणार आहेत. मग तुम्ही मला का दाखवलं?'

का ते मला सांगावं लागलंच नाही. तिला कळलं होतं. कोर्टावर समोरची मुलगी डावीकडे जाणार की उजवीकडे हे ओळखायला आपणच शिकवलं ना तिला, तू अर्धं आणि मी अर्धं. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन एरंडोलला निघून गेली. जाताना भाषणाचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली. तुझं नाव खोडलंय. माझंही खोडलंय. मधली दुसरी ओळ तेवढी राहिली आहे, ती धुळ्याच्या मैदानावरच्या मुरमाबद्दल आहे.

मी सत्कार समितीला सांगितलं की ४ तारखेचा कार्यक्रम नको. हार घालून घ्यायला मान वर करवणार नाही मला. निवड समितीला लिहिणार आहेस ते पत्र मात्र पाठव, खाली मीही सही करते. मी त्या दिवशी हाकेबद्दल तक्रार करायला हवी होती. हरले याच्या दुःखात मला पुनमचं सुचलं नाही.

आता तुझ्या धीराची वाट बघत बसायला वेळ नाही. बुधवारी, २४ तारखेला, सकाळी दहाला मी एरंडोलच्या स्टँडवर उभी आहे. तू धुळ्याहून सकाळची गाडी धर. दोघी तिच्या घरी जाऊ. खोटी हाक तू दिलीस ते तू सांग. पत्र का दाखवलं ते मी सांगते. आधी कोण बोलणार यावर भांडायचं असेल तर ते स्टँडवरच उरकून घेऊ, तिच्या ओट्यावर नको. बेबाबाई रागावतील, चहा विचारणार नाहीत, उभंच ठेवतील. राहू उभ्या.

एक मात्र मला आत्ताच दिसतंय. दार उघडल्यावर ती आधी 'बाई' म्हणते की 'मॅडम', याकडे माझे कान लागलेले असतील. एवढं सगळं होऊनसुद्धा. तुझेही लागतील, मी ओळखत नाही का तुला. आणि तिनं दोघींनाही हाक मारली नाही, तर तेही दोघींनी शेजारी उभं राहून ऐकायचं.

कामिनी